पाठीवरचा पाय

घोटावडे, ता. मुळशी
३ डिसेंबर १९७८

चि. गुलशन हिला भाईची दुवा.

तुझं पेन्सिलीनं लिहिलेलं पत्र काल मिळालं. उताणं पडून लिहिताना पेनातली शाई उतरत नाही म्हणून पेन्सिल मागून घेतलीस, हे वाचून बरं वाटलं. डोकं चालू आहे तुझं. अक्षर मात्र गचाळ. सगळ्या ओळी उजवीकडं घसरल्यात. सातवीत मी तुला शुद्धलेखनात दहापैकी नऊ दिले होते, ते परत घ्यावे लागतील.

तू लिहितेस, 'इथले डॉक्टर माझ्या अंगावर उभे राहून इंग्रजीत बोलतात आणि निघून जातात. मला काय झालंय ते तू सांग. आणि मला घरी ने. तू पाय लावलास तेव्हा दोन दिवस मी बरी होते. मग पाय जड झाले, पण होते. यांनी प्लास्टरात घातलं आणि होते तेही गेले. भाई, परत एकदा पाय लाव.'

आधी माझं सांगतो. मी अजून भेटायला आलो नाही, कारण शाळेची तपासणी आहे. विस्तार अधिकारी कोणत्या दिवशी उगवतील सांगता येत नाही, आणि दोनशिक्षकी शाळेत एकानं रजा घेतली की दुसऱ्याला सगळे वर्ग एकदम हाकावे लागतात. शिवाय कमरुद्दीननंही सांगितलंय की सध्या वॉर्डात माणसं नकोत. नवरा आहे तुझा, त्याचं ऐकायला हवं.

आता तुझी पाठ. शाळेच्या कपाटात सांगाड्याचा तक्ता आहे. तोच, ज्याच्या कवटीला तू लहानपणी खडूनं मिशा काढल्या होत्यास. काल शाळा सुटल्यावर तो भिंतीला टांगला आणि मोजत बसलो. मानेत सात मणके, छातीमागं बारा, कंबरेत पाच. मान वळते, कंबर वाकते, म्हणून माणसाचं लक्ष त्या दोन ठिकाणीच असतं. मधल्या बारांना कोणी विचारत नाही. पण त्या बारांतल्या प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बरगड्या टेकलेल्या आहेत, आणि बहुतेक बरगड्या पुढं येऊन छातीच्या हाडाला मिळतात. म्हणजे ते बारा जण सुटे नाहीतच. डालग्याच्या कामट्या एकमेकींत विणाव्यात तसे बांधलेले आहेत. म्हणून ते फार वाकत नाहीत. पिळा मात्र घेतात. कंबरेवर घागर असताना तू मागं वळून मला हाक मारायचीस, ते वळणं तिथलं.

त्यातला तुझा सातवा आणि आठवा बिघडला आहे. पौडचे डॉक्टर म्हणाले, क्षय आहे. खोकला नाही, थुंकी नाही, सरळ हाडात जाऊन बसला. रोजचं इंजेक्शन आणि गोळ्यांनी तो मरतो, पण वेळ लागतो. तोवर पाठ हलता कामा नये म्हणून प्लास्टर. प्लास्टरानं पाय जात नाहीत.

पायाचं म्हणशील तर, मी अम्माला तीन दिवस छळून पायाकडून बाहेर आलो, म्हणून उसण भरलेला माणूस आमच्या उंबऱ्याशी येऊन पालथा झोपतो आणि मी त्याच्या पाठीला पाय लावतो. एवढंच ते आहे. ते उसणीसाठी असतं. क्षयासाठी नसतं, हे तुलाही कळतं.

अम्मा ठीक आहे. भाताची झोडणी उरकली. नीट जेवत जा.

तुझा भाई,
मोहिद्दीन


घोटावडे
२० डिसेंबर १९७८

चि. गुलशन,

डॉक्टरांनी आठ तारखेला ऑपरेशनचं विचारलं आणि तू सही दिली नाहीस, हे मला कमरुद्दीननं नाही, तुझ्या पत्रानं कळलं. 'भाई सांगेल तेव्हाच करीन' असं म्हणालीस म्हणे. सगळ्या वॉर्डासमोर. शेजारच्या खाटेवरच्या रत्नाबाईंनी तुझी बाजू घेतली हेही कळलं. रत्नाबाईंचं काय जातंय?

मी सांगतो. करून घे. डॉक्टर म्हणतील तसं कर.

तुला पटावं म्हणून मी एक उद्योग केला. पिरंगुटला अलाउद्दीनच्या दुकानातून बोकडाच्या पाठीचा अख्खा तुकडा आणला. अम्माला वाटलं रस्सा करायचाय, तिनं मसाला वाटून ठेवला. मी तो चुन्याच्या पाण्यात उकळून हाडं मोकळी केली आणि सुतळीत ओवली. आता ती माळ माझ्या टेबलावर आहे आणि अम्मा त्या खोलीत यायला तयार नाही.

बोकडाला तेरा असतात, आपल्याला बारा. तो आडवा चालतो, आपण उभे. तरी रचना कळायला पुरतं. प्रत्येक मणक्याचा पुढचा भाग म्हणजे भरीव चकती. वजन ती पेलते. तिच्यामागं हाडाची कमान, आणि कमानीतून जाणारी वाट. त्या वाटेतून मेंदूकडची दोरी खाली उतरते, पायांचे सगळे हुकूम त्या दोरीतून जातात. कमानीच्या मागं काटा, जो आपल्या हाताला पाठीवर लागतो. माणसात छातीमागचे काटे खाली कललेले असतात आणि कौलांसारखे एकावर एक येतात. मागं वाकलं की काट्यावर काटा बसतो आणि वाकणं थांबतं. अल्लानं सगळा बंदोबस्त केलेला आहे.

पण दोन गोष्टी वाईट. एक म्हणजे छातीमागं पाठ मुळातच जराशी बाहेर गोल असते, त्यामुळं डोक्याचं, हातांचं आणि डोक्यावर घेतलेल्या भाऱ्याचं वजन मणक्यांच्या पुढून खाली उतरतं. ते माणसाला सारखं पुढं ओढतं. पुढची चकती क्षयानं भुसभुशीत झाली की ती चेपते आणि मागं काटा वर येतो. दुसरी गोष्ट अशी की दोरीची वाट मानेत ऐसपैस आहे, कंबरेत ऐसपैस आहे, नेमकी इथंच अरुंद. डॉक्टर म्हणाले, बोट जाईल एवढीच. तिथं पू साठला किंवा हाडाचा तुकडा सरकला, तर दोरीला बाजूला व्हायला जागा नाही. ऑपरेशनमध्ये बरगडीचा थोडा भाग काढून बाजूनं आत शिरतात आणि ती घाण साफ करतात. दोरी मोकळी झाली तर पाय येतात. दोरी फार दिवस दाबून राहिली तर येत नाहीत. म्हणून घाई.

गावची बातमी. जयसिंग परवा वाकूनच आला. उसाची मोळी उचलताना उसण भरली. ओट्यावर पालथा झोपला आणि म्हणाला, "मास्तर, लावा पाय." मी म्हणालो, मी आता लावत नाही. तो तसाच पडून राहिला. म्हणाला, "भनीला लावला, अन् आमाला न्हाई व्हय?" मी आत निघून आलो. अम्मा बाहेर जाऊन त्याला म्हणाली, "पोरीच्या काळजीनं त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई. चार दिसांनी ये."

तेव्हा सही कर.

भाई


घोटावडे
५ जानेवारी १९७९

गुलशन,

तुझं पत्र वाचून मला इतका राग आला की मी चौथीच्या वर्गाला अर्धा तास पाढे म्हणायला लावले आणि बाहेर पिंपळाखाली जाऊन बसलो.

'तुला कमरुद्दीननं दाबलंय. तो तुला लिहायला लावतोय. त्यानंच मला इथं आणून टाकलं. तुझ्याकडं ठेवली असती तर मी आज चालत असते. मी त्याच्याशी बोलत नाही आणि त्यानं आणलेलं खातही नाही.' असं लिहिलंस. असं लिहवलं तरी कसं तुला? तो माणूस पौडहून रोज पहिल्या एसटीनं पुण्याला येतो, दुकान त्याच्या म्हाताऱ्या बापावर टाकून. तू तोंड फिरवतेस, म्हणजे मानच काय ती फिरवतेस, आणि तो डबा रत्नाबाईंना देऊन परत जातो.

इकडंही तेच चाललंय. अख्खं गाव मला येऊन सांगतं, "मास्तर, तुमी पाठ उतरवली व्हती, त्या सुईवाल्यांनी पोरीचे पाय घालवले." भैरूची म्हातारी माझ्या पायाला हात लावून गेली, गुलशनला गुण येऊ दे म्हणून. मी पाय मागं घेतला नाही. ते बरोबर नव्हतं.

पौडच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, महिना झाला, अजून सही नाही? मी म्हणालो, ती हट्टी आहे. ते म्हणाले, हट्ट कशाचा आहे ते शोधा मास्तर, एकेक दिवस जातोय.

शाळेची तपासणी कधीच झाली. सांगायचं राहिलं, मी तीनदा येऊन गेलो. व्हरांड्यातल्या खांबापाशी उभा होतो. तिथून तुझी खाट दिसते. तू छताकडं बघत होतीस. आत आलो नाही.

सही कर, गुलशन. मी हात जोडतो.

भाई


घोटावडे
१४ जानेवारी १९७९

गुलशन,

आज संक्रांत. सकाळपासून शेजारणी तिळगूळ देऊन जातायत आणि गोड बोला म्हणतायत. मी दार लावून बसलो आहे. हे पत्र एकटीनंच वाच. रत्नाबाईंना वाचायला देऊ नकोस.

सोबत एक चिठ्ठी जोडली आहे. ती नीट बघ. पौडच्या डॉक्टरांची आहे, तारीख ९ ऑक्टोबर. म्हणजे बकरी ईदच्या महिनाभर आधीची. इंग्रजीत लिहिलंय की या बाईच्या छातीमागच्या मणक्यांचा फोटो ताबडतोब काढावा, क्षयाची शंका आहे. वर तुझं नाव आहे.

ही चिठ्ठी घेऊन कमरुद्दीन त्याच दिवशी माझ्याकडं आला होता. त्याला इंग्रजी येत नाही. म्हणाला, "मास्तर, काय लिवलंय बघा. पुन्याला न्यायला सांगत्यात. नेऊ का?" मी वाचली. मला सगळं कळलं. संध्याकाळचा बारीक ताप तू मला आधीच सांगितला होतास. कुडत्याच्या बाह्या ढिल्या झालेल्या मी पाहिल्या होत्या. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं असं तू म्हणाली होतीस. क्षयाची लक्षणं छापलेला कागद आमच्या शाळेच्या दारावर चिकटवलाय, तो मीच गावाला मोठ्यानं वाचून दाखवला होता. आणि तरी मी कमरुद्दीनला काय म्हणालो? म्हणालो, 'फोटोबिटो कशाला काढतोस. डॉक्टरांना सवयच असते. ईदला घेऊन ये, मी बघतो.' तो म्हणाला, "तुमी म्हनताय तर बरं." चिठ्ठी मी हजेरीपटात घातली. ती आजपर्यंत तिथंच होती. रोज सकाळी हजेरी घेताना ती मला दिसायची.

का केलं असं, हे मी गेले दोन महिने स्वतःला विचारतोय. मी शिकलेला आहे. पाय लावण्यावर माझा विश्वास नाही, असं मी पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात दहा जणांना सांगितलं आहे. पण गावात मास्तर म्हणून मला कोणी ओटा झाडून देत नाही. पायाळू म्हणून देतात. पाटलांचा हैबतराव, ज्याच्यासमोर आपले अब्बा कधी बसले नाहीत, तो माझ्या उंबऱ्यावर पालथा झोपतो आणि कण्हतो. ते मला आवडायचं. फार आवडायचं, गुलशन.

आता ईदचा दुसरा दिवस. तुला वाटतं तुला सगळं आठवतंय. पण तू पालथी होतीस, तुला जमीन दिसत होती. काय झालं ते मी सांगतो.

सकाळी मी दोनदा पाय लावला, रिवाजाप्रमाणे, नुसता अंगठा टेकवून. काही झालं नाही. दुपारी जेवणं झाली, ओट्यावर सगळे बसले होते. जयसिंग हाड चोखत म्हणाला, "मास्तर, गावाला लागू पडतो तुमचा पाय. सख्ख्या भनीवर चालंना व्हय?" सगळे हसले. तूही हसलीस. म्हणालीस, भाई, जरा जोरात लाव की. आणि परत पालथी झालीस.

मी आधी अंगठा फिरवून बघितला. खांद्याच्या फऱ्यांची खालची टोकं जिथं येतात, तिथं मधोमध एक काटा वर आला होता. बोराएवढा. बाकीची पाठ सपाट होती. तो उंचवटा माझ्या अंगठ्याला लागला, आजही लागतोय. उसणीत काटा वर येत नाही. मला ते माहीत होतं. मी दाराची चौकट धरली, उजवी टाच त्या काट्यावर ठेवली, आणि डावा पाय जमिनीवरून उचलला.

सातवीला मी तरफ शिकवतो. दोन विटांवर फळी ठेवायची आणि मधोमध भार द्यायचा. तू छातीवर आणि ओटीपोटावर टेकलेली होतीस, त्या दोन विटा. फळी म्हणजे तुझी पाठ. भार माझा, एक मण पंचवीस शेर. चांगल्या पाठीला बरगड्यांचं डालगं सांभाळून घेतं, काट्यावर काटा बसतो, फार काही होत नाही. म्हणून इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही. पण तुझ्या पुढच्या चकत्या कुजलेल्या होत्या. मागून दाब आल्यावर त्या धरणार कशानं? जे भुसभुशीत होतं ते फुटलं आणि मागं सरकलं. मागं ती बोटभर वाट.

कट असा आवाज झाला. जयसिंगनं टाळी वाजवली. "उतरली!" म्हणून सगळे ओरडले. तू उठलीस, दोन पावलं टाकलीस आणि म्हणालीस, हलकं वाटतंय. मला एवढंच विचारायचंय की तुला खरंच हलकं वाटत होतं, की चार माणसांत माझी लाज राखायला तू तसं म्हणालीस?

तिसऱ्या दिवशी तू उंबऱ्याला अडखळलीस. पाचव्या दिवशी उठता आलं नाही. तुझे पाय दवाखान्यात गेले नाहीत. तुला फळीवर झोपवून एसटीत चढवली तेव्हाच ते गेले होते. तू ते विसरलीस, किंवा विसरायचं ठरवलंस.

कमरुद्दीननं तुला हे सांगितलं नाही, कारण दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याचे पाय धरले. म्हणालो, तिला कळू देऊ नको. तो म्हणाला, "न्हाई सांगत. पन हितं परत पाऊल टाकायचं न्हाई." त्यानं शब्द पाळला. तू त्याला दोन महिने शिव्या घातल्यास आणि त्यानं ऐकून घेतल्या. त्याच्या जागी मी असतो तर दुसऱ्याच दिवशी सांगून मोकळा झालो असतो.

आठ डिसेंबरच्या आधीच जर मी हे लिहिलं असतं तर तू त्याच दिवशी सही केली असतीस. मी बोकडाची हाडं ओवत बसलो.

सही कर. माझ्यावर थुंक, पण सही कर.

मोहिद्दीन


घोटावडे
११ मार्च १९७९

गुलशन,

तुझं कार्ड जानेवारीतच मिळालं होतं. त्यावर फक्त 'सही केली' एवढंच होतं. बाकी कार्ड कोरं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. तारीखसुद्धा घातली नव्हतीस.

ऑपरेशनला आता सहा आठवडे होतील. कमरुद्दीन हल्ली पौडच्या डॉक्टरांकडे कागद दाखवायला जातो आणि ते मला सांगतात. पू भरपूर निघाला. हाडाचा एक तुकडा वाटेत आडवा अडकला होता, तोही काढला. जखम भरली. ताप उतरला. म्हणजे क्षय हरतोय. पाय मात्र तसेच. अंगठा हलवायला सांगतात आणि तू हलवते आहे म्हणतेस आणि तो हललेला नसतो. टाचणी टोचत खालून वर येतात आणि तुला बरगड्या संपतात तिथं आल्यावर कळतं. सहा आठवड्यांपूर्वीही तिथंच कळत होतं.

मोठ्या सर्जननी काय सांगितलं तेही कळलं. आणखी आधी मिळायला हवी होती, असं म्हणाले. मिळायला हवी होती म्हणजे तू. आठ डिसेंबर ते एकोणतीस जानेवारी. मी दिवस मोजले नाहीत असं लिहिणार होतो, पण मोजलेत. बावन्न.

तू विचारलं नाहीस तरी सांगतो. मी अम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "तुज्या पायात वाईट काय असंल तर ते मीच घातलं आसंल. माज्या पोटातनं आलाय तो. गप बस." मग जयसिंगला सांगितलं, त्याच ओट्यावर. तो म्हणाला, "तसं आसंल तर मग आमची उसन कशी उतरायची?" मी म्हणालो, उसण चार दिवसांत आपोआप उतरते, पाय लावा नाहीतर लावू नका. त्याला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी गावात उठलं की बहिणीच्या दुःखानं मास्तर भ्रमिष्ट झालाय. मला कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. इथं मला दोष द्यायला एक माणूस नाही. उलट ओट्यावर लाह्याबत्तासे ठेवून जातात.

बोकडाची माळ मी मुळेच्या पाण्यात सोडून दिली.

डॉक्टर म्हणतात, कधीकधी वर्षानंही पाय येतात. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते बोलताना खिडकीबाहेर बघत होते.

मोहिद्दीन


घोटावडे
२७ मे १९७९

गुलशन,

हे पत्र कमरुद्दीनच्या हातानं पाठवतोय. तो आत्ता ओट्यावर बसलाय. अम्मानं चहा दिला, तो त्यानं घेतला. सात महिन्यांत तो या घरात आला नव्हता.

आला तेव्हा मी दारातच होतो. उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "काल घरी आनलीय. तितं आता करन्यासारखं काय न्हाई म्हनाले. तिला तुमचा पाय लावून पायजे." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणालो, कमरुद्दीन, तुला तर सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "मला काय वाटतंय ते इचारू नका. तिला पायजे हाय. परवा या." त्याचे केस कानांपाशी पांढरे झालेत. तीस वर्षांचा माणूस.

मग त्यानं तुझी चिठ्ठी दिली. अक्षर सुधारलंय. ओळी सरळ आहेत.

'भाई, तुझी सगळी पत्रं मी उशाखाली ठेवली आहेत. मणके मला पाठ झालेत, तू विचार, मी सांगते. ईदला मला हलकं वाटलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून सांगते. दुखत होतं. तुझं तोंड इतकं खुश दिसत होतं. डॉक्टरांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी केलं. तुला एवढंच येतं. ते तरी कर. हजेरीपटातल्या चिठ्ठीचं राहू दे.'

हे मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. इतकं सगळं कळून झाल्यावरही तू हेच मागतेस. मी तुला नको म्हणू शकत नाही, गुलशन. मला नको म्हणायचा हक्क कुठं आहे?

परवा सकाळच्या एसटीनं पौडला येतो. पण कसं करायचं ते आधी लिहून ठेवतो, म्हणजे आयत्या वेळी कोणी घोळ घालणार नाही. पालथं व्हायचं नाही. कमरुद्दीन आणि तुझी सासू तुला कुशीवर वळवतील, दोघांनी मिळून, खांदे आणि कंबर एकदम, मधे पिळा पडता कामा नये. मी उभा राहणार नाही. तुझ्यामागं जमिनीवर बसेन. जखमेच्या वणाजवळ जाणार नाही. सातव्याच्या, आठव्याच्या, बारांपैकी कोणाच्याच वाटेला जाणार नाही. खाली कंबरेला, जिथं पाठ सपाट आहे, तिथं उजव्या पायाचा अंगठा टेकवीन. वजन अजिबात नाही. तीनदा.

तिथं तुला काहीच कळणार नाही. तुझी पाठ भिंतीकडं नाही, माझ्याकडं असेल, म्हणजे तुला दिसणारही नाही. म्हणून प्रत्येक वेळी मी तोंडानं सांगेन, 'लावला.' मी लावला म्हणेन तेव्हा खरोखर लावलेला असेल. एवढं एक माझं खरं मान.

कमरुद्दीन उठलाय, एसटीची वेळ झाली.

तुझा भाई,
मोहिद्दीन